एकशे चौदा जणांची मावशी

"तुम्हाला बहिणी किती?" तपासनीस बाईंनी विचारलं.

अक्का खिडकीत उभी राहून औषध मोजत होती. सकाळचे साडेसात वाजले होते, पुढे रांगेत चाळीसेक माणसं होती, आणि असल्या वेळी कोणी बहिणींची मोजदाद काढली तर माणसाचं डोकं फिरणारच. तिनं मापाचा पेला डोळ्यांच्या रेषेत धरला, एक थेंब कमी वाटला तो घातला, आणि मगच मान वळवली.

"एक. धाकटी. वकील आहे. का हो?"

"एकच बहीण, आणि तुम्ही एकशे चौदा जणांच्या मावशी?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अक्कालाही हसू येणार होतं, पण बाईंच्या मांडीवर कार्डांचा गठ्ठा दिसला आणि ते तिनं आवरलं.

परवाना विभागातून आलेल्या या बाईंचा केंद्रातला हा दुसरा दिवस. नशेच्या गोळ्या आणि पावडरीतून माणसं सोडवणाऱ्या केंद्रांसाठी सरकारनं यंदा नवे नियम काढले होते, त्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन बाई उगवल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी औषधाच्या कपाटाची कुलपं तपासली, बाटल्या मोजल्या, खिडकीची उंचीसुद्धा टेपनं मोजली. चहा विचारला तर नको म्हणाल्या, खुर्ची दिली तर स्टुलावर बसल्या. महिनाअखेरीला परवाना संपत होता आणि नवा मिळणार की नाही हे या बाईंच्या शेऱ्यावर होतं. त्यामुळे दोन दिवस अख्खं केंद्र मांजरपावलांनी वावरत होतं.

"रुग्णाचा जवळचा नातेवाईक, नाव आणि नातं," बाईंनी कार्डावरचा रकाना वाचून दाखवला. "एकशे चौदा कार्डांवर तुमचं नाव. नातं, मावशी. सगळं एकाच अक्षरात."

"माझंच अक्षर आहे," अक्का म्हणाली. "रकाना मोकळा सोडला की तुमच्याच ऑफिसातून कार्ड परत यायचं. एकदा नाही, तीन तीनदा. आणि इथं येणाऱ्या निम्म्या लोकांना विचारावं, जवळचं कोण, तर ते माझ्याकडेच बघत बसतात. घरच्यांनी दार लावून घेतलेलं असतं त्यांच्या तोंडावर. मग काय करणार? कार्ड नाही तर औषध नाही. लिहिलं माझं नाव. आणि मावशी तर मला सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणजे?"

"थांबा, दाखवते."

खिडकीसमोर एक म्हातारा रंगारी आला होता. त्यानं पेला तोंडाला लावला, औषध प्यायला, वर पाणी प्यायला. आता इथली रीत अशी, की प्यायल्यावर माणसानं तोंड उघडून दोन शब्द बोलायचे. हे औषध म्हणजे मेथाडोन, नशेची तलफ भागवणारं; ते गालात धरून बाहेर नेऊन विकणारे महाभाग असतात. बोलायला लावलं की लबाडी चालत नाही. काय बोलायचं ते नियमात लिहिलेलं नव्हतं, ते रांगेनंच ठरवलं होतं.

"झालं, मावशी," रंगारी म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या मागची शिवणकाम करणारी पोरगी प्यायली. "झालं, मावशी." तिच्या मागचा ट्रकवाला. "झालं गं मावशी, आज कडू होतं."

"रोज कडूच असतं," अक्का म्हणाली. "पुढचा."

पुढचा होता एकसष्ट नंबर. उंच, खांदे पुढे आलेला, लिफ्टवाल्या कंपनीचा निळा शर्ट, चौतिशीचा. अक्कानं त्याचं कार्ड बघितलं नाही, तिला बघावं लागतच नव्हतं. पेला त्याच्या हातात देताना तिनं बाईंकडे चोरून बघितलं.

तो प्यायला. पाणी प्यायला. मग सगळ्यांसारखंच, खाली बघत म्हणाला, "झालं, मावशी."

एकशे चौदांपैकी हा एकच असा होता, की ज्याच्याशी तिचं खरोखरचं नातं होतं. तिच्या भावाचा, दादाचा मुलगा. लहानपणी इतका गुबगुबीत होता की घरात त्याला गब्बू म्हणायचे, आणि आता गळ्याची हाडं दिसायला लागली तरी गब्बूच राहिला. त्याच्या कार्डावर आडनाव त्याच्या आईच्या माहेरचं लावलेलं होतं. जगाला दादानं सांगून ठेवलं होतं, मुलगा बाहेर नोकरीला आहे, फार लांब. आणि तो मुलगा सहा वर्षं रोज सकाळी बापाच्या केंद्रात रांगेत उभा राहून आत्याला मावशी म्हणत होता.

बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं.

"नियम सतरा. औषध लिहून देणारा डॉक्टर किंवा औषध देणारी नर्स ही रुग्णाची नातेवाईक असता कामा नये. इथं कागदावर तुम्ही एकशे चौदा जणांच्या नातेवाईक आहात. मी हे असंच वर पाठवलं तर केंद्राला सील लागेल." त्यांचा आवाज चढा नव्हता. चढा असता तर अक्काला सोपं गेलं असतं, तिनं चार शब्द सुनावले असते. "आज चार वाजेपर्यंत मला लेखी खुलासा द्या. तुमच्या सहीचा आणि डॉक्टरांच्या सहीचा. या लोकांशी तुमचं नातं नाही, असं स्पष्ट लिहा. मग बघू."

"बरं," अक्का म्हणाली. आयुष्यात इतकं छोटं उत्तर तिनं कोणाला दिलं नव्हतं.

दुपारी अडीचला सगळे मागच्या खोलीत जमले. खोली कसली, औषधाचं लोखंडी कपाट, हात धुण्याचं बेसिन आणि मधे एक टेबल. त्या टेबलावर पत्र्याचे पेले वाळत घातले होते ते बाजूला सारून धाकटीनं लॅपटॉप उघडला. धाकटीला घरात वकीलबाई म्हणायचे, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चिडवायला, कारण ती घरातल्या भांडणातही "मुद्दा क्रमांक दोन" असं बोलायची.

"काही घाबरायचं नाही," ती म्हणाली. "उलट आपल्याला आयतं सापडलंय. मावशी हे नातं नाहीच मुळी. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला कोणीही मावशीच म्हणतं. बसमध्ये शेजारी बसलेलीला म्हणतात, भाजीवालीला म्हणतात. मी असं लिहिते, की मावशी हे इथलं संबोधन आहे, कर्मचाऱ्यानं चुकून नात्याच्या रकान्यात लिहिलं, सबब या एकशे चौदा रुग्णांपैकी कोणाशीही केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचं नातं नाही. खाली अक्काची सही, दादाची सही. संपलं."

"झकास," दादा म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. केंद्राचा परवाना त्याच्या नावावर होता, गेली पंचवीस वर्षं तो या गावातल्या नशेकऱ्यांचा एकुलता एक डॉक्टर होता, आणि बाईंच्या पुस्तकानं त्याची झोप उडवली होती. "दे इकडे, मी आधी करतो सही."

"एकशे तेरा," अक्का म्हणाली.

"काय?"

"एकशे चौदा नाही. एकशे तेरा लिही."

वकीलबाईंची बोटं थांबली. दादानं पेनाचं टोपण काढलं होतं ते परत लावलं. खोलीत चौथी होती वहिनी, गब्बूची आई. ती शाळेत शिकवायची आणि अर्धी रजा टाकून आली होती. तिनं नुसती मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"अक्का, आता तू सुरू करू नकोस," दादा म्हणाला.

"मी कुठं सुरू करतेय? सुरू तू केलंस सहा वर्षांपूर्वी. आडनाव बदललंस, मला म्हणालास, कार्डावर इतरांसारखंच मावशी लिही, कोणाला कळायचं नाही. मी लिहिलं. तेव्हा मला वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पोरगा नीट उभा राहील, मग सांगू लोकांना. सहा वर्षं झाली, दादा! आणि आता मी लेखी देऊ, की हा माझा कोणी नाही? सहीनिशी?"

"कागद आहे तो. कागदावर काय वाट्टेल ते लिहितात माणसं."

"मग तुझ्या प्रिस्क्रिप्शनवर पण वाट्टेल ते असतं का?"

"अक्का," वकीलबाई मधे पडली, "मुद्दा समजून घे. दादा बरोबर बोलतोय. बाहेर दोनशे तीन माणसं आहेत. केंद्राला उद्या सील लागलं, तर परवा सकाळी त्यांना औषध कोण देणार? दुसरं केंद्र नव्वद किलोमीटरवर आहे. तुझा तो रंगारी जाणार आहे का रोज नव्वद किलोमीटर? दोन दिवसांत सगळे परत गल्लीबोळात पावडर शोधत फिरतील. एका माणसापायी?"

हे खरं होतं. अक्काला ते खरं आहे हे माहीत होतं, आणि म्हणूनच तिला संताप आला. लोक तिला कधी शिव्या द्यायचे तर ती ऐकून घ्यायची, पण दोनशे माणसांची नावं पुढे करून कोणी तिला गप्प बसवू पाहिलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मला शिकवू नकोस दोनशे तीन," ती म्हणाली. "एकेकाचा डोस मला पाठ आहे. रंगाऱ्याला पंचावन्न, त्या शिवणवाल्या पोरीला चाळीस, तिचा कमी करत आणलाय मी, आठवड्याला दोन दोन करून. मला कळत नाही होय कोणाचं काय होईल ते? पण तुम्ही मला असं सांगताय, की दोनशे दोन जणांना वाचवायला एकाचा गळा मी स्वतःच्या हातानं दाबायचा. आणि तोही घरचा. जमणार नाही. सरळ सांगते, जमणार नाही."

"कोण गळा दाबतंय? त्याला औषध मिळतच राहणार!"

"मिळणार, आणि तो रोज मला मावशी म्हणणार. तुला माहीतच नाही दादा, तू त्या वेळी तिकडे आतल्या खोलीत असतोस. तो खाली बघत कसा म्हणतो ते तू एकदा खिडकीत उभा राहून बघ."

दादा बेसिनकडे गेला, नळ सोडला, हात धुतले. हात स्वच्छच होते. त्याची ती लहानपणापासूनची खोड, उत्तर सुचलं नाही की हात धुवायचे.

"सील लागलं तर त्याला आपण सगळे दोषी," तो पाठमोराच म्हणाला. "आणि माझं काय होईल ते सोडच. बातमीत येईल. नशामुक्तीचा डॉक्टर आणि मुलगा नशेत. कोण येईल माझ्याकडे? आयाबाया आपली पोरं घेऊन येतात माझ्याकडे, विश्वासानं येतात. त्या विचारतील, याला स्वतःचं पोर सांभाळता आलं नाही, आमचं काय सांभाळणार."

"विचारू देत," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनी या घरात आली त्याला सदतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत ती कधी नवऱ्याच्या विरुद्ध बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. वर्गात तिचा दरारा होता म्हणे. घरात तिनं तो कधी आणलाच नव्हता.

"विचारू देत ना. मी पण विचारते. पाय मोडला होता त्याचा, प्लास्टरमध्ये होता, तेव्हा त्या दुखण्यावरच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या?"

"आता तो विषय..."

"तीन आठवड्यांच्या होत्या. तुम्ही तीन महिने लिहून दिल्यात. मी तुम्हाला म्हणाले होते, अहो, पुरे आता. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं, डॉक्टर कोण आहे." ती आता थांबायला तयार नव्हती. "मी गप्प बसले. नंतर त्यानं बाहेरून आणायला सुरुवात केली, तेव्हाही गप्प बसले. तुम्ही म्हणालात, बाहेर नोकरीला आहे असं सांगायचं, मी शाळेत सगळ्यांना तेच सांगितलं. एकीनं विचारलं, तिकडे थंडी असते का हो, तर मी सांगितलं, फार असते, त्याला स्वेटर विणून पाठवला. हे मी बोलले! आणि तो इथून चार गल्ल्या पलीकडे राहतो!"

वकीलबाई लॅपटॉपकडे बघत बसली. अक्कानं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला, तर वहिनीनं तो झटकला नाही, पण रडलीही नाही.

दादा वळला. त्याचे हात ओले होते आणि तो ते पुसायला विसरला होता.

"रात्रंदिवस विव्हळायचा तो," दादा म्हणाला. "मला ऐकवत नव्हतं. दुसऱ्याचा असता तर तीन आठवड्यांत बंद केल्या असत्या मी. दुसऱ्याच्या पोराचं विव्हळणं ऐकायची सवय आहे मला."

हे अक्कालाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, गोळ्या दुसऱ्या कोणत्या तरी डॉक्टरनं दिल्या. तिला भावाची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही इतकं एकदम आलं की तिनं टेबलावरचा एक पेला उचलून उगाच फडक्यानं पुसायला घेतला.

वकीलबाईनं घसा साफ केला. ती बोलली तेव्हा तिचा सूर बदलला होता.

"मी नियम सतरा पुढे वाचला नव्हता. म्हणजे वाचला होता, पण मला लागेल असं वाटलं नव्हतं. दुसरं कलम असं आहे. नातं लपवलं असेल तर परवाना रद्द, केंद्राला सील. पण स्वतःहून कळवलं, तर तो कर्मचारी तेवढा चौकशी होईपर्यंत कामावरून दूर, आणि केंद्र विभागाच्या माणसांकडून चालू राहतं."

"हे तू आत्ता सांगतेस?" अक्का ओरडली.

"थांब, हुरळून जाऊ नकोस. सहा वर्षं लपवलं आणि आज सांगितलं, याला स्वतःहून म्हणायचं की लपवलं म्हणायचं, ते त्या बाईंच्या मनावर आहे. त्या लपवलं म्हणाल्या तर सगळंच बुडालं. त्या मानाने एकशे चौदा लिहून सही करणं आज तरी सुरक्षित आहे. आणि मुद्दा क्रमांक दोन. गब्बूच्या सहीशिवाय त्याचं नाव आपल्याला लिहिताच येत नाही. तो रुग्ण आहे. त्याची परवानगी लागते."

वहिनीनं पर्समधून फोन काढला आणि कोणाला न विचारता मुलाला लावला.

गब्बू आला तेव्हा तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. हाताला ग्रीस होतं, खांद्यावर हत्यारांची पिशवी. दारातच थांबला, कारण या खोलीत रुग्णांना येऊ देत नसत आणि तो नियम त्यानं सहा वर्षं पाळला होता.

"ये आत," वहिनी म्हणाली.

वकीलबाईनं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, तिनं छापून टेबलावर ठेवलेला कागद वाचला, आणि खांदे उडवले.

"एवढंच ना? माझं कार्ड फाडा. मी येतच नव्हतो असं समजा. एकशे तेरा आपोआप होतील. मी बघतो माझं काय ते."

"काय बघतोस?" अक्का म्हणाली. "मागल्या वेळी बघितलं होतंस ना? अकरा दिवस औषधाला आला नाहीस. बाराव्या दिवशी लिफ्टच्या मशीनरूममध्ये निळा पडलेला सापडलास. तुझ्या तोंडाला तोंड लावून मी श्वास भरलाय, कळलं? फाडायचं म्हणे कार्ड. कार्डाला हात लावून बघ, तंगडं मोडीन दुसरं!"

गब्बू हसला. हसला तेव्हा क्षणभर तो खरोखरच गब्बू दिसला.

"मग लिहा खरं," तो म्हणाला. "मला काय लपवायचंय? कंपनीत माझ्या साहेबाला माहीत आहे, घरमालकिणीला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त डॉक्टरांच्या ओळखीच्यांना. आणि आत्या, खरं सांगू का? खिडकीपाशी यायच्या आधी मी दोनदा मनातल्या मनात मावशी मावशी म्हणून बघतो. जीभ घसरेल म्हणून. सहा वर्षं रोज. आता कंटाळा आला मला."

त्यानं ग्रीसच्या हातानंच सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर काळा अंगठा उमटला. वकीलबाई म्हणाली, राहू दे, चालेल.

"मी सही करणार नाही," दादा म्हणाला. कोणावर ओरडून नाही. तो नुसता खुर्चीत बसून राहिला. "तुम्ही ठरवलंय ना, करा. पण माझ्या हातानं मी हे केंद्र बुडवणार नाही."

"नको करूस," अक्का म्हणाली. "माझी तर होईल." तिनं "एकशे तेरा" खाली स्वतःचं नाव लिहिलं, लपेटदार, जसं ती औषधाच्या रजिस्टरमध्ये लिहायची. मग त्याखाली एक वेगळी ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं. पंचवीस वर्षांची नोकरी, ही खिडकी, हे पेले, सगळं या ओळीनं जाऊ शकत होतं, पण एकदा लिहिल्यावर तिला छान, मोकळं वाटलं. बाईंना काय करायचं ते करू दे म्हणावं.

चार वाजता तपासनीस बाई आल्या. एवढी सगळी माणसं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी उभ्यानंच कागद वाचला.

"एकशे तेरा? मी एकशे चौदा मोजले होते."

"तुमची मोजणी बरोबर आहे," अक्का म्हणाली. "एकशे तेरा जणांची मी मावशी आहे, म्हणजे कोणी नाही. जगात कोणालाही मावशी म्हणतात. पण एकाची मी मावशी नाही. खाली लिहिलंय."

बाईंनी खालची ओळ वाचली. "कार्ड क्रमांक एकसष्ट. नातं, आत्या."

"परक्या बाईला आत्या कोणी म्हणत नाही, बाई. आत्या एकाच ठिकाणाहून येते."

बाईंनी मान वर केली. त्यांची नजर अक्कावरून गब्बूवर गेली, आणि गब्बूवरून सावकाश खुर्चीत बसलेल्या दादाकडे. दोघांचं कपाळ सारखं होतं, भुवया सारख्या होत्या. हे इतके दिवस कोणाला दिसलं कसं नाही, असं अक्कालाच वाटलं.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तुमची सही नाही यावर."

वहिनी दादाकडे बघत होती. गब्बू बघत नव्हता. तो पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत होता, जसं काही आपल्याला याचं काही नाही.

"सहा वर्षं लपवलंत, असं मी लिहू?" बाईंनी विचारलं. "की आज सांगितलंत, असं? एकट्या नर्सबाईंच्या सहीवर मला दुसरं लिहिता येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे."

"आमचं काय करायचं ते करा," अक्का उसळून म्हणाली. "पण एक सांगते. तुमच्या पुस्तकात नातं असणं हा गुन्हा धरलाय. इथं माणसं बरी होतात ती कोणीतरी रोज सकाळी त्यांचं नाव घेतं म्हणून. ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं ते मला दाखवा, मी लिहून देते."

"अक्का, थांब," दादा म्हणाला.

तो उठला. टेबलापाशी आला, पेन घेतलं. त्याचं अक्षर डॉक्टरी, कोणाला न वाचता येणारं. पण या वेळी त्यानं शाळेतल्यासारखं सुटं सुटं लिहिलं. कार्ड क्रमांक एकसष्ट. नातं, वडील. सही केली, तारीख घातली.

"माझा मुलगा आहे," तो बाईंना म्हणाला. "सहा वर्षं लपवलं ते मी. हिनं नाही. ही तेव्हापासून भांडतेय. आणि आज सांगतोय तेही मीच. आता काय लिहायचं ते लिहा."

बाई बराच वेळ पुस्तक उघडून बसल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी शेरा लिहिला, आणि वकीलबाईनं तो उलटा वाचून वहिनीचा हात दाबला.

"स्वतःहून कळवलं, असं लिहिलंय मी," बाई म्हणाल्या. "चौकशीत काय होईल ते मी सांगू शकत नाही. उद्या सकाळपासून विभागाचा डॉक्टर आणि नर्स येतील. कपाटाच्या किल्ल्या मला द्या. तुम्ही दोघांनी इथं काम करायचं नाही. औषधाला हात लावायचा नाही, खिडकीच्या आत यायचं नाही."

अक्कानं कमरेची किल्ली सोडवली. पंचवीस वर्षांत ती कमरेला इतकी बसली होती की गाठ सुटायला वेळ लागला.

"रंगाऱ्याला पंचावन्न," ती म्हणाली. "आणि त्या शिवणवाल्या पोरीला घाई करू नका म्हणावं. दोन दोननंच कमी करायचं."

"लिहून द्या, मी सांगते त्यांना."

दादा अजून टेबलापाशीच उभा होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकानं रांगेत उभं राहायला काही बंदी आहे का?"

बाईंनी पुस्तक चाळलं. मागची पानं बघितली, पुढची बघितली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तसा काही नियम नाही."

"मग उद्या सकाळी सहाला मी रांगेत आहे. याच्याबरोबर."

"मी पण," अक्का म्हणाली.

गब्बूनं हत्यारांची पिशवी खांद्यावर नीट केली. "सहाला येऊन काय करताय, बाबा," तो म्हणाला. "पावणेसहालाच वीस जण असतात. उशीर केलात तर मागं उभं राहावं लागेल, मी जागा धरणार नाही."